रोजचा एक भागाकार

"दिवसाला एकच करजो, पोरी. दोन केले त हाव सुटली समज. एकबी नाही केला त खाडा. अन् खाडा दुसऱ्या दिवशी भरून काढाचा नाही, खाडा म्हणूनच लिहून ठेवाचा." पुंजाजी सरांचा हा आवाज इतकी वर्षं कानात मुरला आहे की सकाळी वंदनेला बसले, त्रिसरण झालं, पंचशील झालं, की पाठोपाठ तो आपसूक येतो, सहावं शील असल्यासारखा. भागाकार संपून पंचवीस वर्षं होऊन गेली तरी येतो. पण त्या दिवशी तो भरदुपारी, खामगावच्या बाजारात, चष्म्याच्या दुकानातल्या स्टुलावर आला. काच बदलायला चष्मा मी मालकाच्या हाती दिला होता. चष्म्याशिवाय मला हातभर अंतरापलीकडचं काही दिसत नाही. रस्ता म्हणजे नुसता हलणारा रंग झाला होता. नोव्हेंबर लागला होता, जिनिंग सुरू झालं होतं. कापसाचा बारीक तूस हवेत होता. दिसत नव्हता, पण ओठांवर, पापण्यांवर येऊन बसत होता. तेलाच्या गिरण्यांकडून सरकीचा कोमट, जरासा खवट वास येत होता. त्या रंगांतला एक जांभळा रंग माझ्याजवळ येऊन थांबला.

"मंजे? मंजूच ना तू? जानेफळची?"

चेहरा दिसत नव्हता, पण शाळेत माझ्या शेजारी बसणारीचा आवाज मी कसा विसरेन? संजीवनी. आता अमरावतीला गणित विभागाची प्रमुख. भाच्याच्या साखरपुड्याला खामगावात आली होती. तिची भाषा पार बदलली आहे, वऱ्हाडी फक्त 'मंजे' म्हणण्यापुरती उरली आहे. मुलंबाळं विचारून झाली, गुडघे विचारून झाले, आणि मग ती सहज म्हणाली, "सर पंच्याऐंशीचे झाले गं. डिसेंबरात आमच्याकडे गणिताचं प्रदर्शन आहे, त्यात मी सरांवर बोलणार आहे. ती संख्या आठवते ना तुला? दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस."

ती कुठेही न अडखळता म्हणाली. मी मात्र स्टुलाची कड धरली. ही संख्या मी सरांखेरीज कुणाच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. नवऱ्यालाही मी ती पूर्ण म्हणू दिलेली नाही. आणि इथे ती बाजारात, हॉर्नच्या आवाजात, परक्या तोंडून, एकेक अंक करत बाहेर पडत होती. आपल्या घरातला माणूस दुसऱ्या कुणाच्या ओसरीवर पाय पसरून बसलेला दिसावा, तसं.

"मलाही दिली होती ना सरांनी," ती सांगत होती. "माझं तर तीन महिन्यांतच संपलं. चौऱ्याऐंशी भागाकार. बासष्टने भागल्यावर एक उरतो, आणि आठने भागल्यावर एक किंवा सात, तेवढ्याच अविभाज्य संख्यांनी ही भागली जाऊ शकते, बाकीच्यांना हात लावायचं कामच नाही. तू म्हणे सगळे केलेस? सगळे चार हजार सातशे ब्याण्णव?"

"हो," मी म्हणाले.

"बापरे. वह्या आहेत का गं? मला दे ना. पोरांना दाखवते. टेबलावर इकडे माझी एक वही, आणि शेजारी तुझा सगळा ढीग. त्यांना एकदम कळेल."

काय कळेल ते तिने सांगितलं नाही. मला मात्र ते टेबल लख्ख दिसलं, तेही चष्म्याशिवाय. एका बाजूला हुशारी, दुसऱ्या बाजूला हमाली. मधे उभी राहून हसणारी पोरं. माझा आवाज लहानपणापासून हळू आहे. लोकांना त्यात होकारच ऐकू येतो. पण त्या दिवशी होकार मीच दिला. "देईन," मी म्हणाले. "पौर्णिमेच्या दिवशी मी स्वतः आणून देईन अमरावतीला." मालकाने चष्मा आणून माझ्या नाकावर ठेवला आणि ती एकदम स्पष्ट झाली: आखूड कापलेले, न रंगवलेले पांढरे केस, जांभळी साडी, आणि डोळ्यांखाली माझ्यासारखेच काळे खळगे. ती गेली. मी चष्म्याचे पैसे देऊन बाहेर आले आणि घराचा रस्ता सोडून भलत्याच गल्लीत बरीच पुढे गेले.

ती संख्या मला शहाऐंशी साली मिळाली. दहावीचा निकाल लागला होता आणि मी अकरावीसाठी मामाकडे खामगावला निघाले होते. सर शाळेच्या ओट्यावर बसले होते. त्यांनी एका कोऱ्या पोस्टकार्डावर तो आकडा लिहून माझ्या हाती दिला. "दोन घे. त्याले दोनानं गुणत जाय, एकतीस दोन होईस्तोर. मंग त्यातून एक काढ. हे उरते. लोक म्हणतात हे कशानंच भागल्या जात नाही. म्हणू दे. कोणी सांगतलं म्हणून मानाचं नाही, आपण भागून पाह्यचं. ही तुयी संख्या." मी सगळं ऐकलं, पण घरी घेऊन आले ते शेवटचे तीन शब्द. आमच्या घरात 'तुझं' म्हणून मला काही मिळालेलं नव्हतं. पाटी थोरल्या भावाची, फ्रॉक मावसबहिणीचे. ही संख्या कुणाची वापरलेली नव्हती. अशी दहा अंकांची, शेवटी सात असलेली, कुणापुढे न वाकणारी वस्तू माझी झाली होती.

मग तेरा वर्षं. पहाटे वंदना, पंचशील, आणि त्यानंतर चहाच्या आधी एक भागाकार. दोनने, तीनने, पाचने, सातने. अविभाज्य संख्या क्रमाने घ्यायच्या, एका दिवशी एक, एका पानावर एक. दर रविवारी त्या आठवड्याचे भाजक आणि बाक्या पोस्टकार्डावर लिहून जानेफळला पाठवायच्या. ब्याण्णव साली लग्न झालं, तेव्हा वह्यांची ट्रंक माझ्यासोबत आली. सासूबाईंना वाटलं कसलं तरी व्रत असावं. त्या कधी मधे आल्या नाहीत, उलट भागाकार होईपर्यंत चूल त्या पेटवत. राजकुमार, म्हणजे माझा नवरा, एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक. तो रोज विचारायचा, "काय म्हणते तुझी संख्या? फुटली का?" मी म्हणायचे, नाही. "मजबूत माल दिसते," तो म्हणायचा आणि डबा घेऊन निघायचा. दोन बाळंतपणं झाली, त्यांचे खाडे पडले, ते खाडे म्हणूनच लिहिलेले आहेत. भाजक वाढत जायचा तसा भागाकार उतरत यायचा. पहिल्या दिवशी दोनने भागलं तेव्हा वर शंभर कोटींच्या पुढचा आकडा आला होता. नव्याण्णव साली, शेवटी शेवटी, भाजक सेहेचाळीस हजारांत आला आणि भागाकारही सेहेचाळीस हजारांत उतरला. दोन माणसं एका लांब रस्त्याच्या दोन टोकांनी निघावीत आणि म्हातारपणी समोरासमोर यावीत, तसे ते आले. सरांनी सांगितलंच होतं, भागाकार भाजकाहून लहान झाला की थांब. मी थांबले. एकदाही शून्य उरलं नव्हतं. त्या दिवशी मी कुणाला काही बोलले नाही. चहा प्यायले आणि शाळेत शिकवायला गेले.

संजीवनी भेटली त्या संध्याकाळी मी राजकुमारला सांगितलं. तो जेवत होता.

"दे ना मग वह्या. काय लोणचं घालतं त्यायचं?"

"ती त्या टेबलावर मांडणार आहे. तिच्या चौऱ्याऐंशीच्या शेजारी."

"मांडू दे. लोक पाह्यतीन."

"लोक हसतीन, अहो."

तो थांबला. "हसतीन त हसतीन. तू काऊन जळून राह्यली?" तो सहज बोलला, आणि त्या शब्दाने मला खरंच चटका बसला. मी पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे सरकवला आणि उठले. रोज सकाळी मी मैत्रीची भावना करते, सगळ्या प्राण्यांचं भलं होवो म्हणते; मुंगीपासून सुरुवात करते. दुसऱ्या दिवशी मी ती भावना करायला बसले आणि मुंग्यांपर्यंत, कुत्र्यांपर्यंत, शेजारच्या भांडखोर बाईपर्यंत सगळं नीट गेलं, आणि मग जांभळी साडी मधे आली. तिचं भलं होवो, हे वाक्य माझ्या जिभेवर आलंच नाही. मी डोळे मिटून तशीच बसून राहिले. बाहेर दूधवाल्याने दोनदा हाक मारली.

मला खरं म्हणजे तिच्या अमरावतीचा, तिच्या पगाराचा, तिच्या खुर्चीचा हेवा कधी वाटला नाही. तो असता तर मी त्याला ओळखलं असतं आणि हळूहळू मोकळं केलं असतं. हा वेगळा होता. हा सरांवरून होता. तिला त्यांनी वाट दाखवली आणि मला नाही. तिला म्हणाले असतील, पोरी तू हुशार, तू या आडवाटेने जा. आणि मला म्हणाले, तू रोज एक. जसं गोठ्यातल्या एका बैलाला शर्यतीला काढावं आणि दुसऱ्याला घाण्याला जुंपावं. घाण्याचा बैल डोळ्यांवर झापड बांधून फिरत राहतो आणि त्याला वाटतं आपण फार दूर आलो.

रविवारी मी ट्रंक काढली. दोनशे पानी चोवीस वह्या. डांबराच्या गोळ्यांचा वास, आणि त्याखाली शाईचा. पेन्सिल घेऊन मी खूण करायला बसले: ज्या भाजकाला बासष्टने भागून एक उरतो आणि आठने भागून एक किंवा सात, त्याच्या पानावर एक बारीक टिक. तिचा पहिला भाजक तीनशे अकरा. माझ्या वहीत तो चौसष्टावा येतो, बाकी पस्तीस. तिथे पहिली टिक केली. मग पान, पान, पान, काही नाही. सबंध वही उलटायची तेव्हा कुठे तीन-चार टिका. हे करता करता मी काय शोधू लागले हे मला उशिरा कळलं. मी माझे दिवस शोधत होते. बाबा गेले त्या दिवसाचं पान: अक्षर वाकडं, भागाकार बरोबर. टिक नाही. लग्नाच्या दिवशीचं, हळदीचा डाग पडलेलं पान: टिक नाही. नोकरीची ऑर्डर आली तो दिवस: नाही. धाकटीला ताप चढला होता आणि तिला मांडीवर घेऊन डाव्या हाताने वही धरली होती, तो दिवस: नाही. ज्या दिवशी टिक बसली त्या दिवशी काय घडलं होतं ते आठवायला गेले तर काही आठवेना. साधे दिवस, पोह्यांचे, धुण्याचे. सगळ्या मिळून चौऱ्याऐंशी टिका झाल्या. तिचं म्हणणं खरं होतं. चार हजार सातशे आठ पानं नसती तरी चाललं असतं. मी पेन्सिल खाली ठेवली. 

शेवटच्या वहीच्या अखेरीस काही कोरी पानं उरली होती. त्यातल्या पहिल्या पानावर लाल शाईत सात संख्या लिहिलेल्या होत्या: दोन, तीन, सात, अकरा, एकतीस, एकशे एक्कावन्न, तीनशे एकतीस. तेरा वर्षांत बाकी नेमकी एक उरली ती फक्त या सात वेळा. पहिल्या सदुसष्ट दिवसांत सातही येऊन गेल्या आणि त्यानंतर जवळजवळ तेरा वर्षं एकदाही नाही. मी रोज वाट पाहायचे, आज एक उरेल म्हणून. शेवटी कळलं की आठवी कधीच येणार नव्हती: या सातांचा गुणाकार केला आणि तीन आणखी एकदा घेतला, की आपल्या संख्येहून बरोबर एकने कमी अशी संख्या येते. सगळं तिथेच भरलेलं होतं, आणखी कुणाला जागाच नव्हती. हे मी कार्डावर सरांना कळवलं होतं. त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं होतं, "हे तू पाह्यलं. मले दिसलं नोहतं."

तिच्या चौऱ्याऐंशीत या सातांपैकी एकही नाही. मी दोनदा तपासलं. एकही नाही. म्हणजे हे तिला दिसणंच शक्य नव्हतं. आणि मग मी ते केलं. राजकुमारच्या दाढीच्या डब्यातलं ब्लेड आणलं आणि लाल शाईचं पान शिवणीजवळून, अगदी हळू, मागचं पान न दुखावता कापून घेतलं. घडी करून कपाटात, हिवाळ्याच्या रजईखाली सारलं. न दिलेलं घ्यायचं नाही, असं मी रोज दोन वेळा म्हणते. आपलं आहे ते न देण्याबद्दल शीलात काही नाही, असं मी स्वतःला सांगितलं. मग हात धुतले. मग पुन्हा धुतले.

दोन दिवसांनी शाळेत रजा टाकून मी मेहकरच्या एसटीत बसले आणि जानेफळला उतरले. कुणाला सांगितलं नव्हतं. सरांचं घर तेच, पण पुढे सिमेंटचा ओटा झाला आहे. सर बाजेवर बसले होते, अंगावर स्वेटर, कान टोपीत. जनकाबाई, म्हणजे त्यांच्या घरच्या, तूर निवडत होत्या. मी जय भीम घातला, पाया पडले.

"कोण हाये?" सरांनी विचारलं.

"तुमची मंगयवारवाली," जनकाबाई म्हणाल्या. "बस वो बाई. लय वर्सं सवतीवानी वागली तू माह्यासंगं. रविवारी कार्ड टाके, मंगयवारी इथं येये, अन् बाक्या जुयेस्तोर ह्या माणसाच्या घशाखाली घास उतरे नाही. एकडाव पुरात कार्ड आलं नाही त पोस्टमनच्या घरी जाऊन बसले."

सर हसले. दात नव्हते, पण हसू तेच. मी चहा होईपर्यंत तब्येत विचारत राहिले, मोतीबिंदू विचारला. माझ्या हळू आवाजाला त्यांना दोनदा "आं?" म्हणावं लागे. म्हणून जे विचारायचं होतं ते मला मोठ्याने विचारावं लागलं, आणि ते मोठ्याने ऐकताना मलाच कसंसं झालं.

"सर, ती संख्या तुम्ही संजीवनीलेबी देली होती?"

"देली होती ना."

"मले म्हणे, ही तुयी."

"तिलेबी तेच म्हटलं." त्यांनी बशीतला चहा फुंकला. "बत्तीस पोरं होते तुमच्या वर्गात. बत्तीसायलेबी देली. एकेकाले बोलावून, ही तुयी म्हणून. दर साली देत जाओ. पोरं पाचापर्यंत येत अन् सोडून देत. कोणी तेरापर्यंत आला त म्या त्याले पेरू खाऊ घालो. तुमच्या साली दोघी उरल्या."

बत्तीस. मला हसू आलं. मी एकीवर जळत होते. तीस जणांचा हिशोब अजून बाकी होता. पण ते क्षणभरच. मुख्य काटा तसाच होता.

"मंग तिले वाट दाखोली, अन् मले काऊन नाही दाखोली?"

"कोणती वाट?"

"चौऱ्याऐंशीची."

"मले ठाऊक असती त दाखोली असती, बाई." ते गंभीर झाले. "तिनं थे सोता काढलं. मले म्हणे, सर, रोज एक माह्याच्यानं होणार नाही, मले तेवढा धीरच नाही. अमरावतीले होस्टेलात जाऊन तिथच्या लायब्रीत बसली. दसऱ्याले इथं आली अन् वही ठेवली माह्यापुढं. म्या पाह्यतच राह्यलो."

म्हणजे कुणी तिला काही दिलं नव्हतं. ते तिचंच होतं. सरांवर रागवायची सोयही गेली, आणि नुसता हेवा उरला, कोरडा, ज्याला धरायला कुठे कडी नाही असा. मग एक दुसरंच लक्षात आलं, आणि माझा हळू आवाज आणखी हळू झाला.

"म्हणजे शहाऐंशीच्या दसऱ्यालेच तुमाले समजलं होतं. की बाकीचे कराचं काम नाही."

"आं?"

जनकाबाईंनी ऐकलं होतं. त्यांनी सूप खाली ठेवलं. "विचारते, तिले सांगतलं काऊन नाही म्हणून."

  सर उठले, भिंतीला धरून आत गेले आणि पत्र्याचा एक बिस्किटाचा डबा घेऊन आले. तसे आणखी चार आत आहेत, जनकाबाई म्हणाल्या. कार्डं. माझं अक्षर. प्रत्येक बाकीपुढे पेन्सिलची खूण. "तू केले तेवढे म्याबी केले," सर म्हणाले. "तुया संगं. आधी मी कराचो, मंग कार्डाशी जुयवाचो. सांगाले पाह्यजे होतं. दर आठोड्याले वाटे, आता सांगाव. अन् मंगयवारी कार्ड येये." त्यांनी एक कार्ड वेगळं काढलं, सगळ्यांत खालचं. त्यावर एकच भाजक होता: सेहेचाळीस हजार तीनशे एकोणचाळीस. "हे जास्तीचं हाये. हा अविभाज्य नाही. एकशे एकोणपन्नास गुणिले तीनशे अकरा. तुयं रविवारीच संपलं होतं. सोमवारी तू चुकून एक जादा केला, अन् मले एक कार्ड जादा भेटलं. थेबी म्या सांगतलं नाही."

मला आनंद व्हायला हवा होता. झाला. इतका झाला की मी पदर डोळ्यांना लावला. पण मी खोटं बोलत नाही, म्हणून लिहिते, की त्याच्या खाली दुसरंही काही होतं. एका म्हाताऱ्या होत चाललेल्या माणसाच्या मंगळवारासाठी मी तेरा वर्षं पहाटे उठले होते, आणि त्याने ते घेतलं होतं. मी दिलं होतं का? मला माहीत नाही. विचारलं असतं तर दिलं असतं. त्यांच्या त्या सुरकुतलेल्या बोटांकडे पाहताना मला राग आला, आणि राग आला म्हणून मी त्यांचा कप उचलून धुवायला नेला.

परत आले तेव्हा सर म्हणाले, "तिले राग हाये तुया."

"माह्या? संजीवनीले?"

"मांगच्या उन्हायात आली होती. हे डबे पाह्यले. म्हणे, सर, माह्यं तीन महिन्यात संपलं, मंग मले तुमच्याकडं याले काई कारणच उरलं नाही. एक कार्ड लिहाले भेटलं नाही. म्हणे, मले वाचू द्या. म्या नाही देले. म्हटलं हे मंजूचे हायेत." ते जरा पुढे वाकले. "अन् म्या तिले एक आगाऊपणा करून सांगतलं. म्हटलं, मंजूनं एक गोष्ट पाह्यली हाये, थे तुया चौऱ्याऐंशीत दिसतच नाही. थे सात. पुढं म्या एका पुस्तकात वाचलं, थ्या सातायच्या भरोशावर एकबी भागाकार न करता सिद्ध होते म्हणतात, ही संख्या अविभाज्य हाये म्हणून. सात तपासण्या, बस. कसं, थे माह्या डोक्यात पुरं गेलं नाही. तिच्या जाईन. तिनं विचारलं का तुले?"

"नाही. वह्या मागतल्या."

"मंग तेच मागतलं तिनं."

एसटीत खिडकीशी बसून मी परत आले. कापणी झालेल्या सोयाबीनची रानं, मधेच हिरवी तूर. सात. तिचे चौऱ्याऐंशी, आणि माझे सात, ते मला सदुसष्टाव्या दिवशीच मिळाले होते, आणि मला कळलं नव्हतं. मनात एक हलकी, वाईट गोष्ट उड्या मारू लागली. ती तीन महिन्यांत पोहोचली, मी सव्वादोन महिन्यांत दारात उभी होते. दार आहे हेच मला ठाऊक नव्हतं, पण उभी होते. आणि ती आता, त्या डोळ्यांखालच्या खळग्यांसकट, माझ्याकडे मागायला आली होती आणि सरळ मागू शकली नव्हती. चष्म्याच्या दुकानात तिने 'ढीग' म्हटलं तेव्हा तिचा आवाज कसा होता? मी आठवून पाहिलं. हसरा होता. थोडा जास्तच हसरा होता. जळणाऱ्या माणसाचा आवाज मला त्या आठवड्यात चांगला ओळखू येत होता. मी रजईखालच्या पानाचा विचार केला. ते तिथेच राहू दिलं तर कुणाला कळणार नव्हतं. सर काही वर्षांचे. तिला वह्या मिळतील, माझा शब्द राहील, आणि ती पानं उलटत बसेल आणि तिला ते सापडणार नाही, कारण बाकी एक ही सातच वेळा उरते हे चोवीसही वह्या चाळल्याखेरीज कळत नाही आणि तिला तेवढा धीरच नाही. मी एवढी खोल जाऊ शकते हे मला माहीत नव्हतं. खामगावच्या स्टँडवर उतरले तेव्हा घामाने पाठ भिजली होती, आणि थंडी होती.

पौर्णिमेपर्यंत मी ते पान काढलं नाही. रोज वंदना केली. रोज मैत्रीची भावना मुंगीपासून सुरू केली आणि जांभळ्या साडीपाशी अडले. चौथ्या की पाचव्या दिवशी मी तिथे थांबून तिचं भलं होवो असं न म्हणता नुसतं तिचं नाव घेतलं. तेवढं जमलं. त्याहून पुढे अजून गेलेले नाही.

पौर्णिमेच्या सकाळी मी पांढरी साडी नेसले आणि अष्टशील घेतलं. दुपारी बारानंतर काही खायचं नाही, म्हणून राजकुमारच्या पोळ्यांसोबतच माझ्याही दोन लाटून लवकर खाल्ल्या. मग रजई उचलली. पानाला घडीची रेघ पडली होती. भाताची खळ बोटावर घेऊन शेवटच्या वहीत, कापलेल्या कडेशी, मी ते जोडलं. नीट जोडलं गेलं नाही. एक कोपरा वर राहिला. कुणालाही दिसेल की हे पान कधीतरी काढलं होतं. दिसू दे. विचारलं तर सांगेन.

राजकुमारने वह्यांच्या दोन पिशव्या बांधून दिल्या आणि एक उचलून पाहिली. "मजबूत माल हाये," तो म्हणाला. "शेगावापर्यंत येऊ का? गाडीत चढवून देतो."

"नको," मी म्हणाले. "जाते मी."

बडनेऱ्याला उतरायचं, तिथून अमरावती. दुपारपर्यंत मी तिच्यासमोर बसलेली असेन. ती शेवटची वही आधी उघडेल; घाई आहे तिला, पहिल्यापासून. लाल शाईवर तिची नजर जाईल आणि जे मला इतकी वर्षं कळलं नाही ते तिला मिनिटभरात कळेल. किंवा ती म्हणेल, अगं मंजे, हे तर केव्हाचं माहीत आहे सगळ्यांना. किंवा गप्प होईल. या तिन्हींतलं कुठलं मला हवं आहे ते मला माहीत आहे, आणि त्याची मला लाज वाटते. तरी मला तिथे बसून तिचा चेहरा पाहायचा आहे, चष्मा लावून.

मी दोन्ही हातांत दोन पिशव्या घेतल्या, वजन सारखं आहे का पाहिलं, आणि दार हळूच ओढून घेऊन निघाले.